कुंडीतलं पाणी हवा पिते

बाल्कनीतली तुळस मेमध्ये तगते आणि जुलैमध्ये दगावते, हा अनुभव नवी मुंबईत घरोघरी येतो. उन्हाळाभर रोज सकाळी एक तांब्या पाणी घालायची सवय लागलेली असते. पावसाळा येतो, तरी तांब्या तोच आणि वेळही तीच. वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे पाऊस कुंडीत पडत नाही, म्हणून पाणी थांबवायचं कुणाच्या मनातही येत नाही. आठ-दहा दिवसांत पानं पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडतंय बहुतेक," आणि आणखी अर्धा तांब्या ओततं. तुळशीचा निकाल तिथेच लागतो.

पाणी मोजण्यात चूक झालेली नसते, हवा मोजायची राहून गेलेली असते. कुंडीत पाणी ओततो माणूस, पण ते झाडातून वर खेचून घेते ती बाहेरची हवा. हवेची ओढ जोरात असेल तर एका दिवसात कुंडी कोरडी पडते. ओढच नसेल, तर ओतलेलं पाणी मुळांशी साचून राहतं, मातीतल्या पोकळ्या भरून जातात, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी घेऊ शकत नाही. म्हणून ओल्याकंच मातीतलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं आणि घरचे फसतात.

ही ओढ लागते पानाला. पानाच्या बहुधा खालच्या बाजूला नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. पुष्कळ झाडांच्या पानावर एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर ते तीनशे छिद्रं असतात. प्रत्येक छिद्राला घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की दार उघडतं, सैल पडल्या की मिटतं. अन्न तयार करायचं तर झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, त्यासाठी दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की आतल्या ओलाव्याची वाफ निसटते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी साधारण ९७ ते ९९ टक्के पाणी या वाटेनं हवेत जातं. झाडाच्या अंगी लागतं ते उरलेलं. शाळेच्या पुस्तकात याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. परीक्षेत दोन गुणांची टीप लिहून झाली की हा शब्द सहसा विसरला जातो. बाल्कनी मिळाल्यावर खरं तर तो पुन्हा काढायला हवा.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला तळमजल्यावर मोटर बसवावी लागते. ती पाणी खालून ढकलते. झाडाची मोटर वर पानात असते आणि ती खेचते. वर बसवलेल्या पंपानं नुसत्या ओढीनं दहा मीटरच्या पलीकडून पाणी उचलता येत नाही, हे विहिरीवर पंप बसवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी वीस मीटर उंच माडाच्या झावळ्यांपर्यंत पाणी पोचतं, कारण ते केसासारख्या बारीक जलवाहिन्यांतून जातं. तिथे पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वरचा कण वाफ होऊन गेला की मागचा ओढला जातो, त्याच्या मागचा, आणि थेट मुळापर्यंत ताण पोचतो. डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं. झाडाच्या जिवंत पेशी हृदयासारख्या स्पंदतात आणि रस वर चढवतात, असं त्यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. ती कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. जलवाहिन्या मृत पेशींच्या नळ्या असतात आणि खोडातल्या जिवंत पेशी विषानं मारल्या तरी पाणी चढतच राहतं, हे जर्मनीत स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९१ मध्येच दाखवलं होतं.

घरात मुलं असतील तर हे सगळं तेरड्यात दाखवता येतं. पावसाळ्यात डोंगरउतारांवर तेरडा माजतो आणि गौरींच्या आधी बाजारात त्याच्या जुड्या येतात. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा म्हणतात, पण प्रयोगाला एक सकाळ पुरते. त्याचं खोड रसाळ आणि बरंचसं पारदर्शक असतं. दोन सारखी रोपं घ्यावीत, एकाची सगळी पानं खुडावीत, आणि दोन्ही लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभी करून पंख्याखाली ठेवावीत. पानं असलेल्या रोपात लाल रेघा भरभर वर चढताना दिसतात. बोडक्या रोपात रंग रेंगाळतो.

आता कुंडीकडे. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल कुंडीत लावलं, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीवर शिशाचा पत्रा बसवला आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचं वजन केलं. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी अर्ध्या किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होतं. १७२७ मध्ये हे पुस्तकरूपानं छापून आलं. हीच युक्ती प्रवासी बॅग मोजायच्या लटकत्या वजनकाट्यानं कुणालाही करता येईल. संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घालून निथळू द्यावं. सकाळी मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधून, दोरीची शिंकाळी करून कुंडी तोलावी. संध्याकाळी पुन्हा तोलावी. वजनात जितके ग्रॅम घट, तितके मिलिलिटर पाणी त्या दिवशी पानांतून गेलं. एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैमध्ये हे करून आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले, की कुठल्या महिन्यात किती तांबे घालायचे याचं उत्तर हाती येतं. यूट्यूबवरच्या माळ्याला हे उत्तर ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण तो नाशकात असेल किंवा लखनौला.

नवी मुंबईची हवा वर्षभर एकसारखी नसते, हाच इथला खरा घोटाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडं वारं वाहतं. समुद्रावरचा वारा सुरू व्हायला ज्या दिवशी उशीर होतो, त्या दिवशी दुपार भाजून काढते. समजा, पारा ३६ अंशांवर आहे आणि आर्द्रता ४० टक्के. आता जुलैतली भिजकी दुपार घ्यावी: ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के. हवेत आणखी किती वाफ मावेल याचा हिशेब केला, तर मार्चच्या दुपारची भूक जुलैच्या दुपारच्या साधारण आठपट भरते. पर्णरंध्रं तेवढीच उघडी राहिली, तर तेच पान आठपट पाणी घालवेल. प्रत्यक्षात झाड दारं थोडी मिटून घेतं, त्यामुळे फरक काहीसा कमी होतो. तरी एकच तांब्या दोन्ही दिवसांना लागू पडेल, अशी आशा धरू नये. पावसाळा संपल्यावर येणारा ऑक्टोबर तर हमखास चकवतो. पावसाळाभर पाणी कमी घालायची सवय लागलेली असते आणि आठवड्याभरात आकाश निवळून ऊन चटके देऊ लागतं. त्या पंधरवड्यात कुंड्या रोज बघाव्यात.

मजलाही हिशेबात धरावा लागतो. पानाभोवती ओलसर हवेचा एक पातळ थर साचलेला असतो. तो वाफेला थोडा अडवतो. वारा आला की हा थर उडून जातो. पाम बीच मार्गालगतच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर खाडीवरून येणारं वारं थांबत नाही, म्हणून तिथल्या कुंड्या सावलीतसुद्धा लवकर सुकतात. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, समोर दुसरी भिंत असेल, तर तीच जास्वंद दोन दिवस पाण्याविना मजेत राहते. शेजारणीचा सल्ला घेताना तिचा मजला विचारावा. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारचं ऊन आणि खाडीचा वारा दोन्ही एकदम येतात. तिथे कठड्यावर टांगलेल्या लहान कुंड्यांपेक्षा खाली जमिनीवर एकमेकींना खेटून ठेवलेल्या मोठ्या कुंड्या बऱ्या. झाडं जवळजवळ असली की एकमेकांच्या वाफेचा आडोसा मिळतो. एसीच्या झोताखाली ठेवलेला मनीप्लांट म्हणजे घरातल्या घरात विसाव्या मजल्यावरचा गडी. त्याला तिथून हलवावं, हेच उत्तम.

पाणी घालण्याआधी बोट घालावं, हा जुना नियम आजही सगळ्यात स्वस्त आहे. कोकोपीट मिसळलेली माती वरून कोरडी फटफटीत दिसते आणि आत चिंब असते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ओल लागली, तर पाणी घालू नये. घालायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावं, आणि तबकडीत जमलेलं पाणी ओतून टाकावं. रोज चिमूटभर शिंपडण्यानं वरची दोन बोटं माती ओली राहते आणि मुळं वरच घोटाळतात. कुंडी पार वाळली असेल, तर माती कडेनं सुटलेली असते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. अशा कुंडीला अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बसवावं.

भर दुपारी मलूल झालेली पानं पाहून धावत पाणी घालणारे पुष्कळ असतात. भोपळ्याच्या वेलाची मोठी पानं उन्हात लोळागोळा होतात आणि सूर्य कलला की पुन्हा ताठ उभी राहतात. पानं खर्च करतात त्या वेगानं मुळांना भरता येत नाही, म्हणून तात्पुरती तूट येते. ती रात्री भरून निघते. खरी परीक्षा पहाटेची. सकाळी सहाला झाड मलूल असेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे. मग बोट घालून बघावं. माती कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर कुंडीतून गड्डा काढून मुळं तपासावीत. पांढरी, टणक मुळं निरोगी. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर ती कात्रीनं काढून रोप नव्या, भुसभुशीत मातीत लावावं आणि पानंही निम्मी छाटावीत, कारण निम्म्या मुळांना सगळ्या पानांची तहान झेपत नाही.

कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट ही मंडळी वेगळ्या चालीची. ती पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. तेव्हा हवा थंड आणि दमट असते, म्हणून वाफ कमी जाते. यांना तुळशीच्या रांगेत ठेवून सगळ्यांना सारखं पाणी घातलं तर आधी तीच जातात.

पावसाळ्यात एक आयता मापक मिळतो, तो म्हणजे अळू. पहाटे अळूच्या पानाच्या टोकावर टपोरा थेंब लोंबताना दिसतो. बरेच जण त्याला दव समजतात. दव हवेतून पानावर बसतं, हा थेंब पानाच्या आतून आलेला असतो. रात्री रंध्रं मिटलेली, हवा वाफेनं भरलेली आणि माती ओलीगच्च असली, की मुळं पाणी घेतच राहतात आणि खालून दाब तयार होतो. तो दाब पानाच्या टोकाशी असलेल्या खास तोंडातून पाणी बाहेर ढकलतो. असा थेंब दिसला की मातीत पाणी मुबलक आहे, हे झाडानंच सांगितलं असं समजावं.

खताचा अतिरेकही शेवटी पाण्याचाच प्रश्न असतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर, पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी, आणि माती ओली असूनही झाड तहानलेलं: हे क्षार वाढल्याचं लक्षण. मातीतलं पाणी जितकं खारट, तितकं ते मुळात ओढून घेणं अवघड. अशा वेळी खत बंद करून कुंडीतून तीन-चार वेळा साधं पाणी निथळवून काढावं. खाऱ्या पाण्यात जगायची कला ज्यांना साधली आहे, ती झाडं नवी मुंबईच्या दारातच उभी आहेत. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठी तिवराचं रान आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून गोडं पाणी खेचायचं तर पानांनी केवढा ताण लावावा लागत असेल! स्कोलँडर या शास्त्रज्ञानं १९६५ मध्ये दाबपेटी वापरून असा ताण मोजून दाखवला. खारफुटीत तो वातावरणाच्या दाबाच्या तिसेक पट किंवा त्याहून अधिक भरला. तिवराची मुळं बहुतांश मीठ बाहेरच रोखतात आणि आत शिरलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर बारीक खडे चमकताना दिसतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हे रान जवळून बघता येतं. तिथून पुढची खाडी म्हणजे २०१५ मध्ये जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. खारफुटीची फांदी तोडणं हा गुन्हा आहे, तेव्हा पान चाखायची हौस गळून पडलेल्या पानावर भागवावी.

स्वयंपाकघरातही हेच विज्ञान उपयोगी पडतं. वाशीच्या बाजार समितीत पहाटे उतरणारी मेथी आणि कोथिंबीर मुळं तुटल्यावरही पानांतून पाणी सोडत असते, म्हणून व्यापारी जुड्यांवर ओलं गोणपाट टाकतात. घरी आणल्यावर कोथिंबिरीचे देठ बोटभर कापून ग्लासभर पाण्यात उभे करावेत आणि वरून सैल पिशवी घालावी. देठ कापायचं कारण असं, की तुटलेल्या तोंडातून जलवाहिन्यांत हवा शिरते, पाण्याचा धागा तुटतो आणि मग पाण्यात उभं करूनही पानं ताजी होत नाहीत. निशिगंधाच्या किंवा गुलाबाच्या दांड्या तर पाण्यात बुडवूनच तिरक्या कापाव्यात. फुलदाणीत जाणारी खालची पानं काढून टाकली तर खर्चही वाचतो आणि पाण्याला वासही येत नाही.

रस्त्यावरच्या झाडांनाही तहान असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि पान ती भोवतालातून घेतं. दिवसाला शंभर लिटर पाणी सोडणारं झाड सुमारे ६८ युनिट उष्णता शोषतं. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेनं तेरा तास चालला तर खोलीतून एवढी उष्णता बाहेर काढतो. जुलैत हा हिशेब लागू पडत नाही, कारण हवा फारशी वाफ घेत नाही. पण मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी पर्जन्यवृक्षाखाली लागणारा गारवा नुसत्या सावलीचा नसतो. हे काम चालू राहायचं तर मुळांपर्यंत पाणी जायला हवं. पदपथाचे पेव्हर ब्लॉक बुंध्याला घट्ट भिडवलेले असतील, तर सोसायटीनं महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी मागणी करून बुंध्याभोवती निदान एक मीटर मोकळं आळं करून घ्यावं. आळ्यात वाळकी पानं पसरावीत, सिमेंट-रेतीचा राडा टाकू देऊ नये. झाड किंवा मोठी फांदी तोडायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. एप्रिलमध्ये फांद्या बोडक्या करणं म्हणजे भर उन्हाळ्यात इमारतीसमोरचा एसी काढून नेणं.

राहता राहिला गावी जाण्याचा प्रश्न. मेमध्ये पंधरा दिवस आणि गणपतीत आठवडाभर नवी मुंबईतली कितीतरी घरं बंद असतात. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली, तर ते प्रेमापोटी पाणी जास्तच घालतात. त्यापेक्षा निघताना कुंड्या बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात, ऊन आणि वारा चुकवून एकत्र कराव्यात. सुकलेली पानं, कळ्या आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, म्हणजे खर्चाची तोंडं कमी होतात. मधोमध उंचावर पाण्याची बादली ठेवून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून ओल्या कराव्यात, एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीत चार बोटं खोल पुरावं. माती सुकेल तसतशी पट्टी पाणी पुरवत राहते.  मेमध्ये तुळशीला करंगळीएवढी पट्टी पुरते, जास्वंदीला दोन लागतात, आणि गणपतीच्या दिवसांत बहुतेक कुंड्यांना एकही नको. निघण्याच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस ही मांडणी करून बघावी. बादली किती उतरते ते खडूनं खूण करून मोजलं, की पंधरा दिवसांना एक बादली लागेल की दोन, ते घर बंद करण्याआधीच कळतं.